सहावी ते आठवीच्या मराठीचं डिजिटल पॅकेज: निवडताना नेमकं काय बघायचं?

डोंगरपट्टा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते. आमच्या शाळेला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मोठा टचपॅनल आणि वीस टॅब मिळायचे आहेत. सोबत तिन्ही इयत्तांच्या मराठीचं एक डिजिटल पॅकेज आहे. यंत्रं फुकट आणि पॅकेज पहिलं वर्ष फुकट. दुसऱ्या वर्षापासून दर मुलामागे पैसे भरायचे, ते अर्थात लोकवर्गणीतून. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मराठीचं तुम्ही बघा आणि लेखी अभिप्राय द्या."

कंपनीची माणसं प्रात्यक्षिक दाखवून गेली. चित्रं सुरेख, आवाज स्वच्छ, मुलं हरखून गेली. जाताना त्यांनी तपासणीचा एक तक्ता दिला. मांडणी, वापरायला सोपं आहे का, अभ्यासक्रमाशी जुळतं का, मुलांचा प्रतिसाद, शिक्षकांना मदत, असे पाच रकाने आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण. मी प्रामाणिकपणे भरला, पंचवीसपैकी तेवीस झाले. पण रात्री झोप लागेना. मुलांना यातून मराठी किती येईल, हे त्या तेवीस गुणांत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलीला त्यातला पत्रलेखनाचा पाठ करायला दिला. योग्य मायना निवडा, पत्राचे भाग क्रमाने लावा, शेवट कसा कराल ते निवडा. तिला दहापैकी दहा. पडद्यावर फुलं उधळली. मग मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, आता आईला पत्र लिही. तिचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, ती आजीपाशी राहते. "तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार" एवढं झरझर लिहून ती थांबली. बराच वेळ पेन तोंडात. शेवटी लिहिलं: "शेळी येली. दोन करडं झाली. काळं तुझं."

मी तो कागद जपून ठेवलाय. तिने लिहिलेलं हे जिथे उतरेल, अशी जागाच त्या पॅकेजात नाही. असती, तरी "येली" खाली लाल रेघ आली असती, कारण पुस्तकात "व्याली" असतं.

ज्यांनी असं काही वापरलंय किंवा निवडलंय त्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय बघितलं? मला तक्ता नकोय. काय करून बघू ते हवंय.

फळा_आणि_खडू | रविवार, रात्री १०:२५

मॅडम, तो कागद मलाही आवडला. पण घाईने नाही म्हणू नका, एवढी विनंती करतो.

मी कोल्हापूर जिल्ह्यात सातवीला शिकवतो. वर्गात सहा मुलं अशी की वाचायला उभं केलं की घसा कोरडा. कवितांचं ध्वनिमुद्रण कानाला लावून दिलं तेव्हा त्यातल्या एकाने एक कविता सलग सात वेळा ऐकली. माझ्यासमोर त्याने सात वेळा "परत म्हणा सर" म्हटलं असतं का? कधीच नाही. न लाजता पुन्हा पुन्हा ऐकता येणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती यंत्राने दिली.

मात्र विकत घेण्याआधी फुकट काय आहे ते बघा. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. 'दीक्षा' हा सरकारचा मोफत शैक्षणिक साहित्याचा मंच २०१७ पासून चालू आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. सहावी-आठवीच्या वयाला त्याहून योग्य वाचन मला तरी माहीत नाही. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, त्या डाउनलोड करून छापता येतात, खुला परवाना आहे. तुमच्या टॅबमध्ये एवढंच भरलं तरी वर्ष जाईल. कंपनीला विचारा, यात नसलेलं तुमच्याकडे काय आहे?

निवृत्त_केंद्रप्रमुख | सोमवार, सकाळी ६:५०

ताई, तीस वर्षं शाळा तपासल्या, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिलं काम ओळी मोजण्याचं. पॅकेजचा एक पाठ घ्या, घड्याळ लावा, आणि तासिकेच्या पस्तीस मिनिटांत मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी सलग किती ओळी वाचल्या ते लिहून काढा. निवेदकाने वाचलेल्या धरायच्या नाहीत. मग त्याने स्वतःच्या मनाची किती वाक्यं लिहिली ते मोजा. एवढ्या दोन आकड्यांत बरंचसं कळतं. आमच्या काळी व्हिडिओ नव्हता, पण मार्गदर्शकं होती. तिथेही हाच प्रकार व्हायचा, मूल उत्तरं लिहायचं आणि धडा वाचायचा राहून जायचा.

दुसरं काम याहून महत्त्वाचं. उतारा झाकून फक्त प्रश्न मुलांना द्या. ज्यांनी तो धडा पाहिलेला नाही अशा मुलांना. ती बहुतेक प्रश्न बरोबर सोडवत असतील, तर ते प्रश्न वाचनाचे नाहीतच, अंदाज बांधण्याचे आहेत. असले प्रश्न कितीही सोडवले तरी आकलन वाढत नाही.

तिसरं, मुलं कुठे उभी आहेत ते पाहा. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे दहातल्या तिघांना आला नाही. तुमच्या आठवीत अशी मुलं असणारच. आठवीचं पॅकेज त्या मुलाला आठवीचाच पाठ दाखवत राहणार, की तो अडखळतो हे ओळखून मागे जाऊन हात धरणार? विचारा आणि करून दाखवायला सांगा. "होय, आमचं अनुकूलित आहे" एवढ्यावर सोडू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ उत्तर चुकलं की तोच व्हिडिओ पुन्हा लागतो, एवढाच असतो.

आणि आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं समोर ठेवा. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. पॅकेजने दिलेले गुण यातल्या कोणत्या रकान्यात बसतात? मला वाटतं फक्त चाचणीच्या. उरलेले सात रकाने तुम्हालाच भरायचे आहेत, तेव्हा त्यासाठी लागणारा वेळ पॅकेज खाणार की वाचवणार, ते बघा.

डोंगरपट्टा | बुधवार, रात्री ८:१५

सर, तुम्ही म्हणालात तसं केलं. हात जोडून आभार.

ओळी मोजल्या. सातवीच्या एका पाठात मुलांनी स्वतः वाचलेल्या सलग ओळी अकरा. स्वतः लिहिलेलं एकही वाक्य नाही. रिकाम्या जागी तीन शब्द.

मग उतारा झाकून दहा प्रश्न आठ मुलांना दिले. सरासरी सहा बरोबर आले. प्रश्न कसले ते सांगते. "गावकऱ्यांनी झाडे का लावली?" पर्याय: पर्यावरणाच्या रक्षणासाठी, झोपण्यासाठी, भांडणासाठी, यांपैकी नाही. आमच्या गावात झाडं बांधावर लावतात ती सावलीसाठी, सरपणासाठी आणि भाऊबंदकीत बांध कोणाचा ते दिसावं म्हणून. एक मुलगा गंभीरपणे "भांडणासाठी" वर अडला होता आणि त्याचं कारणही त्याने मला नीट सांगितलं. त्या दहा प्रश्नांवर वर्गात झालेलं सगळ्यात चांगलं मराठी बोलणं तेच. यंत्राने त्याला शून्य दिला.

आणखी एक घोटाळा झालाय, तो मला उलगडत नाही. एके ठिकाणी उत्तर होतं "डोंगरदऱ्या". मुलाने तेच टाईप केलं तरी लाल फुली. मी स्वतः टाईप केलं, तरी लाल. शिपाईमामांच्या फोनवरून टाकलं तर हिरवं. पडद्यावर अक्षर न् अक्षर सारखं दिसतंय. मुलगा मला विचारतो, "मॅडम, माझं काय चुकलं?" मी काय सांगू?

मात्रावेलांटी | बुधवार, रात्री ९:०५

ताई, त्याला सांगा की त्याचं काहीच चुकलेलं नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, देवनागरी फॉन्ट आणि कीबोर्ड हेच रोजचं काम, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

"दऱ्या" मधला तो आडवा, पापणीसारखा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात साधा र, मग हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. दोन्ही दिसायला एकच. पण उत्तर तपासणारा प्रोग्राम आकडे जुळवतो आणि ते वेगळे असतात. एक कीबोर्ड हे रूप देतो, दुसरा ते. तुमचा टॅब आणि मामांचा फोन यांतला फरक बहुधा इतकाच.

हा र मराठीत शोभेसाठी नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे तुमच्या बालाघाटातल्या. ज्याने हिंदीसाठी बनवलेली तपासणी उचलून मराठीला लावली, त्याला हा फरक सुचलेलाच नसतो. "ॲ"चंही तसंच, तोही दोन प्रकारे लिहिता येतो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ठरलेली रीत, चालवलं तरी ही रूपं आपोआप एक होत नाहीत, त्यासाठी मराठीचा नियम वेगळा लिहावा लागतो. काम फार नाही, एका दिवसाचं. पण ते झालंय की नाही यावरून पॅकेज मराठीसाठी बनलंय की मराठीत नुसतं ओतलंय, हे कळतं.

आणखी दोन जागा बघा. ल आणि श. आपला ल आणि आपला श हिंदीहून वेगळ्या वळणाचे. राज्य शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हाही ही वळणं आवर्जून दिली. पुष्कळ फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, फक्त पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं. पॅकेजमध्ये हिंदी वळणाचा ल दिसला तर समजा कोणी ते सांगितलेलं नाही. सहावीतलं मूल पुस्तकात एक ल बघतं आणि पडद्यावर दुसरा.

दुसरी जागा टायपिंगची. मुलं रोमन अक्षरांत टाईप करतात आणि खाली येणाऱ्या सूचनांतला शब्द उचलतात. "पाणी" आणि "पाणि" यांतलं कुठलं बरोबर, याचा विचार करायची वेळच येत नाही, कीबोर्डच वेलांटी देतो. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आपण शाळेत घोकले, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. तो नियम हाताला लागायचा तर स्वतः वेलांटी द्यावी लागते. मी म्हणेन मुलांना इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कीबोर्ड, शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि वेलांटीची कळ दरवेळी आपणच निवडून दाबायची.

रानवाट | गुरुवार, सकाळी ७:३०

"माझं काय चुकलं" वाचून पोटात तुटलं. शाळेत असताना मी बरोबर असूनही फुली खाल्लीय, अजून आठवतं. हे कंपनीला लेखी कळवाच ताई.

मिशिगनकर | गुरुवार, रात्री ११:५०

मी अमेरिकेत मिशिगनमध्ये मिडल स्कूलला, म्हणजे सहावी ते आठवीलाच, इंग्रजी शिकवते, आणि रविवारी मराठी शाळेत मराठी. त्यामुळे डोंगरपट्टाताईंची अडचण दोन्ही बाजूंनी जवळची वाटली.

आमच्या शाळांनी मागे डिजिटल पॅकेज निवडलं तेव्हा मी समितीत होते. इथे एड-रिपोर्ट्स नावाची एक ना-नफा संस्था आहे, ती २०१५ पासून अभ्यास-साहित्याची परीक्षणं प्रसिद्ध करते. त्यांची रीत मला पटली. तेव्हा परीक्षणाला तीन दारं असायची. पहिल्या दाराशी फक्त मजकूर बघायचे: वाचायला दिलेलं साहित्य सकस आहे का, पुरेसं अवघड आहे का, प्रश्नांची उत्तरं मजकुरात शोधावी लागतात का. दुसऱ्या दाराशी, त्या वाचनातून मुलांचं ज्ञान साठत जातं का. ही दोन पार केली तरच तिसरं उघडायचं, आणि तिथे वापरायला सोपं आहे का, शिक्षकाला मदत किती, तंत्रज्ञान कसं, या गोष्टी यायच्या. ताई, तुम्हाला कंपनीने दिलेल्या तक्त्यात जवळजवळ सगळे रकाने तिसऱ्या दाराचे होते. तेवीस गुण मिळूनही झोप का लागली नाही, ते मला वाटतं इथे आहे.

मात्रावेलांटींनी टायपिंगचं लिहिलं त्यावर एक. इथल्या कॉमन कोअर या शालेय मानकांत सहावीच्या लेखनाखाली स्पष्ट लिहिलंय की मुलाला एका बैठकीत किमान तीन पानं टाईप करता आली पाहिजेत. पाचवीला दोन. म्हणजे इंग्रजीच्या मुलाला आधी कीबोर्ड शिकवतात, मग त्याचं लेखन पडद्यावर मागतात. माझ्या रविवारच्या मुलांना इंग्रजीत तीन पानं येतात आणि मराठीत तीन ओळी. मराठीची कमतरता असते हे खरं, पण निम्मा अडथळा बोटांचा असतो. तीच मुलं कागदावर दीड पान लिहितात. तेव्हा टॅबवर कमी लिहिलं म्हणून मुलाला मराठी कमी येतं, असं मानू नका.

वाचनाचं म्हणाल तर २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर आकलन जास्त चांगलं होतं, आणि वेळेचं बंधन असेल तर फरक वाढतो, असं त्यात दिसलं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. आमच्या पॅकेजबरोबर पुस्तकांचे छापील संच आले होते. वर्षभरानंतर पाहिलं तर छापील संचांच्या कडा मुडपलेल्या, समासात पेन्सिलीच्या खुणा. मुलं जिथे थांबली, अडली, चिडली ते सगळं त्या समासात होतं. तुमच्या कंपनीला छापील वाचनसंच मागा. टॅब वीसच आणि मुलं जास्त असतील तर तो लागणारच.

सुलभभारती_मुंबई | शुक्रवार, दुपारी २:१०

माझं दुखणं थोडं वेगळं. मी मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. २०२० च्या सक्तीच्या कायद्यानंतर पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने मराठी आलं, आणि आमच्या सहावीत एकदम गुजराती, तमिळ, भोजपुरी घरांतली मुलं मराठीच्या बाकावर बसली. बाजारातली बहुतेक पॅकेजं मराठी माध्यमाची बालभारती धरून बनवलेली. आमचं पुस्तक सुलभभारती, ते वेगळं, मुलांची गरजही वेगळी. त्यांना समासांची नावं पाठ करण्याआधी "मला उशीर झाला कारण" हे वाक्य पुरं करता यायला हवं.

फळा_आणि_खडू सरांशी सहमत. ऐकण्याच्या बाबतीत यंत्राने मला वाचवलं. ळ आणि ल यांतला फरक मुलं हेडफोनवर ऐकून ऐकून शिकली.

फळा_आणि_खडू | शुक्रवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. शिकायला मिळालं. तरी एक प्रश्न उरतोच आणि तो कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. मुलांनी रोज स्वतःच्या मनाचं लिहायचं, कबूल. वाचायचं कोणी? माझ्याकडे तीन तुकड्या, शंभरावर वह्या. वर शालेय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, निवडणुकीचं काम. पर्यायी प्रश्न यंत्र तपासतं म्हणून निदान काहीतरी तपासून होतं. लेखन न तपासता नुसतं लिहायला लावणं हा मुलांवर अन्यायच आहे ना?

डोंगरपट्टा | शुक्रवार, रात्री १०:४५

सर, तुमचं अगदी खरं आहे, आणि मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. माझी तिन्ही वर्गांत मिळून एकाहत्तर मुलं, म्हणजे तुमच्याहून बरं. मी दोन आठवड्यांपासून एक करते. रोज सगळी लिहितात, पण मी रोज फक्त बारा वह्या वाचते, आणि त्यात चुका लाल करत नाही. एकच प्रश्न लिहिते. "काळं करडू आईचं का?" असा. दुसऱ्या दिवशी मुलाने त्याचं उत्तर लिहायचं. बाकीच्या वह्या मुलं एकमेकांच्या वाचतात आणि तीही प्रश्नच लिहितात. आमच्या तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. त्यांना "चूक" हा शब्द ऐकून वही मिटायची सवय लागली होती, आणि प्रश्न लिहिल्यावर ती वही उघडायला लागली आहेत.

यंत्राने माझं काम वाचवायचं असेल तर या बारा वह्यांसाठी वाचवावं. ऐकवणं त्याने करावं, वाचनाचा सराव घ्यावा, शब्दांचे खेळ घ्यावेत. तेवढ्या वेळात मी वर्गाच्या कोपऱ्यात बसून वह्या वाचेन. पॅकेजकडून मला एवढंच हवंय असं आता वाटतं.

निवृत्त_केंद्रप्रमुख | शनिवार, सकाळी ६:४०

ताई, उत्तम. यात एक भर. पॅकेज सुरू होण्याआधी सगळ्या मुलांकडून एकाच विषयावर कागदावर लिहून घ्या, पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. वर्षाअखेरी तोच विषय पुन्हा द्या. मग दोन्ही गठ्ठे मिसळून, नावं आणि तारखा झाकून, शेजारच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाला द्या आणि जोडीतलं कोणतं चांगलं तेवढं विचारा. मुलं वयानेही वाढतात, म्हणून जमलं तर पॅकेज नसलेल्या एखाद्या शाळेचे कागदही त्यात घाला. कंपनीच्या डॅशबोर्डवरचे आलेख काहीही सांगोत, लोकवर्गणी मागताना तुमच्या हातात हे असू द्या.

डोंगरपट्टा | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ७:२०

बैठक झाली. सगळ्यांना कळवायचं होतं.

अभिप्राय तीन पानांचा झाला. ओळींची मोजणी, झाकलेल्या उताऱ्याचे निकाल, डोंगरदऱ्याची गोष्ट, सगळं लिहिलं. मिशिगनकरताईंची तीन दारं आमच्या मुख्याध्यापकांना फार पटली, त्यांनी ती फळ्यावर काढून समितीला समजावली. मुलांची माहिती कुठे साठते हेही विचारलं, कारण वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठराच्या खालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्यावर कंपनीने नमुना अर्ज पाठवला.

पण बैठकीत सगळ्यात मोठा प्रश्न आला तो समितीतल्या एका आईकडून. बराच वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "पोरगं आमच्यासंगं फडावर आलं की हे तिथं चालतं का?" ऊसतोडीच्या फडावरच्या झोपडीत, कोपीवर, वीज नसते, नेटवर्क मुकादमाच्या फोनला असलं तर असतं. टॅब शाळेतच राहणार. दिवाळी ते मार्च-एप्रिल, म्हणजे निम्मं वर्ष, ज्या मुलांना याची सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं पॅकेजच्या बाहेर. मी तीन पानं लिहिली आणि त्यात हे नव्हतं. मी तिथेच पेनाने अभिप्रायात पहिल्या ओळीवर घातलं.

ठरलं असं. यंत्रं घ्यायची. पॅकेज जूनपासून एक वर्ष फुकट चालवायचं, लोकवर्गणीचा शब्द आत्ता द्यायचा नाही. पाठ साध्या फोनवर इंटरनेटशिवाय चालले पाहिजेत आणि वाचनाचे उतारे छापून मिळाले पाहिजेत, या दोन अटी कंपनीने लेखी मान्य केल्या. "ऱ्य"ची दुरुस्ती झाली, मी परवा तपासली. मात्रावेलांटी, त्या मुलाला मी तुमचं उत्तर वाचून दाखवलं होतं. दुरुस्ती झाल्यावर त्याने "डोंगरदऱ्या" टाईप केलं आणि मग "दर्या" टाईप करून दोन्ही बराच वेळ बघत बसला. मुलांचं मोकळं लेखन पॅकेजमध्ये घेण्याची तिसरी अट मात्र त्यांनी मानली नाही, ते तपासायची सोय नाही म्हणाले. त्यामुळे लेखन वहीतच राहणार, आणि अभिप्रायात तसंच नमूद केलंय की हे पॅकेज ऐकण्या-वाचण्याच्या सरावाचं आहे, लेखनाचं नाही.

त्या पत्राचा फोटो मी मुकादमाच्या फोनवर पाठवला होता. कोणीतरी आईला वाचून दाखवलं. तिचा आवाज रेकॉर्ड होऊन आला, वाऱ्याचा आवाज फार, पण शब्द कळतात: "काळं इकू नका म्हणावं आजीला." मुलीने ते ऐकून दुसरं पत्र लिहिलं, या वेळी दीड पान. त्यात "येली" आहे आणि "व्याली" पण आहे. दोन्ही मी तसेच ठेवलेत.

जूनसाठी एकच विषय ठरवायचाय, सहावीपासून आठवीपर्यंत सगळ्यांना लिहिता येईल असा. सुचवा.

निवृत्त_केंद्रप्रमुख | रविवार, रात्री ८:०५

"आमच्या घरी पहाटे सगळ्यात आधी कोण उठतं?" प्रत्येक घरात उत्तर असतं आणि ते पुस्तकात सापडत नाही. कागद एकाच मापाचे घ्या ताई, आणि पेन्सिल नको, पेन द्या, नाहीतर कागद एकमेकांवर घासून पुसट होतं.